लाकूड फोडणारे यंत्र आणि आपली बोटे

पुणे-सातारा रस्त्यावर भोर तालुक्यात किकवी हे गाव आहे. या भागात पावसाळा तोंडावर आला, की सरपण फोडून कोरड्या जागी रचावे लागते. कुऱ्हाड, पाचर आणि घण ही त्याची जुनी साधने. आता तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रेही मिळतात. श्रम वाचतात, पण बाभळीचा ओंडका आणि माणसाचे बोट यांतला फरक यंत्राला कळत नाही. तो आपल्याला कळला पाहिजे.

पाचरीचे गणित

पाचर म्हणजे पाठीला पाठ लावलेल्या दोन उतरणी. 20 सें.मी. लांब आणि डोक्याशी 4 सें.मी. जाड अशी पाचर घ्या. घर्षण नसते, तर तिची प्रत्येक बाजू आपण लावलेल्या प्रेरणेच्या सुमारे 5 पट प्रेरणेने लाकूड दाबील. घर्षणगुणांक 0.3 धरला, की हीच पट 1.25 वर येते! याच घर्षणामुळे पाचर ओंडक्यात अडकून बसते.

लाकूड तंतूंच्या दिशेने सहज फाटते. गाठीपाशी मात्र तंतू वळलेले असतात. तेथे ते तोडावेच लागतात. प्रेरणा वाढत जाते आणि ओंडका एकाएकी फुटून तुकडा उडतो. घणाचे घाव खाऊन पोलादी पाचरीचे डोकेही पसरते, कडांना चिरा पडतात. पुढच्या घावाला त्यातली कपची डोळ्यात जाऊ शकते. अशा कडा वेळीच घासून टाकाव्यात.

तेलाचा दाब

यंत्रात पास्कलचा नियम काम करतो. समजा, दट्ट्याचा व्यास 10 सें.मी. आहे, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 78.5 चौ. सें.मी. तेलाचा दाब दर चौ. सें.मी.ला 150 किलोग्रॅम असेल, तर एकूण भार जवळजवळ 11,800 किलोग्रॅम होतो! दट्ट्या सेकंदाला 4 सें.मी. सरकत असेल, तर 'अरे!' म्हणून हात मागे घेण्यास लागणाऱ्या पाव सेकंदात तो 1 सें.मी. पुढे आलेला असतो. म्हणून एकाने लाकूड धरायचे आणि दुसऱ्याने दांडा ओढायचा, ही पद्धत फार घातक.

झीज कोठे होते?

धुळीमुळे दट्ट्याची रबरी कडी झिजतात, तर तेलाच्या नळ्या उन्हाने व घासण्याने तडकतात. सुईएवढ्या छिद्रातून सुटलेली तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण आत इजा मोठी असते. तत्काळ रुग्णालय गाठावे. गळती बोटाने कधीही तपासू नये. यंत्र बंद करून, दाब उतरवून मगच नळीला हात लावावा. यंत्रावर काम करताना चष्मा हवा, सैल कपडे नकोत.

आता एक गणित तुमच्यासाठी : दाब तोच ठेवून दट्ट्याचा व्यास निम्मा केला, तर भार किती होईल? उत्तर काढा आणि मग विचार करा, तेवढ्या भाराखाली तरी बोट सुरक्षित राहील का?