धक्का कशाने जगतो?

गोंदियाहून विदर्भ एक्स्प्रेसने निघालेला प्रवासी सकाळी मुंबईस उतरतो, गेटवे आणि चौपाटी पाहून परततो. त्याने आणखी एक रात्र मुक्काम करावा आणि भल्या पहाटे कुलाब्याचा ससून डॉक पाहावा, असे मी सुचवीन.

हा डॉक अल्बर्ट ससून यांनी समुद्रात भराव घालून बांधविला आणि तो १८७५ साली खुला झाला. कापसाचा व्यापार हे त्याचे मूळ प्रयोजन. परंतु १८८० साली प्रिन्सेस डॉक झाला, पुढे आणखी मोठ्या गोद्या झाल्या आणि मोठी जहाजे तिकडे लागू लागली. व्यापार गेला म्हणजे धक्का ओस पडावयाचा. ससून डॉक मात्र ओस पडला नाही, कारण मच्छीमारांनी तो आपलासा केला. उजाडण्यापूर्वीच नौका लागतात, टोपल्या उतरतात, बर्फ फुटतो, लिलाव पुकारला जातो. भावाच्या घासाघिशीत कोळणींचा आवाज चढा असतो. बाजूस स्त्रिया कोळंबी सोलीत बसलेल्या दिसतात.

२०१७ च्या अखेरीस तेथे कलाप्रदर्शन भरले. जुन्या भिंती रंगल्या, त्यांवर कोळी स्त्रियांचे भव्य चेहरे झळकले. वासामुळे एरवी नाकाला रुमाल लावणारे मुंबईकर तेथे गर्दी करू लागले. हे चांगलेच झाले. पण चित्रांनी पाहुणे आणले. धक्का जिवंत ठेवला होता तो रोजच्या लिलावाने. हा भेद आपण विसरता कामा नये.

अमेरिकेत सिएटल येथे समुद्राजवळ १९०७ सालापासूनचा पाइक प्लेस नावाचा बाजार आहे. तो पाडून नवी वस्ती उभारण्याचा घाट घातला गेला, तेव्हा १९७१ साली नागरिकांनी मतदानाने तो वाचविला. शेतकरी आणि मासळीविक्रेते तेथे आजही आहेत, आणि प्रवासी त्यांनाच पाहावयास जातात.

हे सारे दूरचे वाटेल. पण आपला जिल्हा तलावांचा. आपल्या मामा तलावांवर ढिवर बांधवांचे पोट आहे. उद्या एखाद्या तलावाच्या काठी बाके, दिवे आणि कारंजी येतील, अवश्य यावीत. मात्र आराखडा मांडला जाईल तेव्हा आपण एक प्रश्न विचारावा: ढिवराची होडी कोठे लागणार, आणि त्याची मासळी कोठे विकली जाणार? याचे उत्तर आराखड्यात नसेल, तर काठ सुशोभित होईल, पण बाजार उठेल.