पायाखाली बूच

थंडीत फजरला उठून फरशीवर पाय ठेवला की आमच्या अम्मींच्या गुडघ्यांत कळ उठते. गालिचा अंथरावा, तर पावसाळ्यात त्याला कुबट वास. म्हणून बुचाच्या लाद्यांची चौकशी केली.

हे बूच म्हणजे आपल्याकडचे पांढऱ्या सुवासिक फुलांचे झाड नव्हे. ही भूमध्य समुद्राकाठच्या एका ओक वृक्षाची साल. जगातले जवळजवळ निम्मे बूच एकट्या पोर्तुगालमधून येते. झाड पंचविसेक वर्षांचे झाले की साल पहिल्यांदा काढतात, मग साधारण दर ९ वर्षांनी. झाड तोडत नाहीत. सालीतून बाटल्यांची बुचे कापून उरलेला चुरा दाबून लाद्या होतात. "दारूच्या बाटलीचे बूच घरात कशाला?" अम्मींनी विचारलेच! कारखान्यातला हा चुरा कुठल्याच बाटलीला लागलेला नसतो. पण वापरलेली बुचे दळूनही लाद्या करतात, तेव्हा घेताना विचारून घ्यावे.

सालीच्या बारीक पेशींत हवा कोंडलेली असते, म्हणून ती पायाला उबदार लागते आणि भांडे पडले तरी आवाज कमी होतो. मात्र बादलीभर पाणी ओतून धुण्याची आपली सवय इथे चालत नाही. ओल मुरली की लाद्या फुगतात, उन्हाने रंग उडतो, जड कपाटाच्या पायांचे खड्डे पडतात. मोरीत तर लावूच नयेत. खालची जमीन कोरडी हवी, आणि बसवण्यापूर्वी लाद्या दोन दिवस त्याच खोलीत ठेवाव्यात.

आम्ही सध्या फक्त पलंगाजवळचा भाग केला आहे. घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसतो. अम्मी आता चपला न शोधताच उठतात.