चौरंगाला जाळी पडली

चिपळूणहून एका वाचकाने विचारलंय : गणपतीसाठी सागवानी चौरंग करून घेतला, आषाढात त्यावर पीयू पॉलिशचे तीन हात मारले, काचेसारखा गुळगुळीत व्हायचा तो आंबोळीसारखा जाळीदार झाला. पॉलिशवाला डब्याला दोष देतो, दुकानदार पॉलिशवाल्याला. खरं कोणाचं?

माझा संशय तिसऱ्यावरच आहे, पावसावर. आणि आंबोळीची उपमा तुम्हाला वाटते त्याहून नेमकी आहे. आंबोळीला जाळी पडते ती कार्बन डायऑक्साइडमुळे. चौरंगालाही त्याच वायूने भोकं पाडली असणार.

पीयूचे डबे दोन : बेस आणि हार्डनर. हार्डनरमधल्या आयसोसायनेट गटांनी बेसमधल्या हायड्रॉक्सिल गटांना धरायचं आणि पॉलियुरेथेनचं घट्ट विणकाम करायचं, असा बेत असतो. पण मध्येच पाणी आलं, की काही आयसोसायनेट त्याच्याशीच संसार थाटतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. किती? एक ग्रॅम पाणी पुरतं वापरलं गेलं, तर सव्वा लिटरहून जास्त! आता लाकडाचा हिशेब करा. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांवर टिकून राहिली, की लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण १६ टक्के पाणी धरून बसतं. पाच किलोच्या चौरंगात झालं ८०० ग्रॅम, म्हणजे चार फुलपात्री. त्यातलं पृष्ठभागाजवळचं थेंबभरसुद्धा पुरतं. डबा खळखळून हलवल्याने आलेले हवेचे बुडबुडे पॉलिश पातळ असतानाच बरेचसे फुटून जातात. हा वायू मात्र पॉलिश घट्ट होत असताना जन्मतो. त्याला बाहेर पडायला उशीर होतो आणि मागे टाचणीएवढं भोक राहतं.

या बुडबुड्यांनी खुद्द जनकालाही छळलं होतं. १९३७ साली जर्मनीत लेव्हरकुसेनला ओटो बायर या रसायनशास्त्रज्ञाने पॉलियुरेथेन घडवलं. (आडनाव कंपनीचंच, पण त्या घराण्याशी नातं काही नाही.) सुरुवातीच्या नमुन्यांत बुडबुडेच बुडबुडे. तपासणी विभागाने एक नमुना परत पाठवताना शेरा मारला, की याचं फार तर नकली स्विस चीज होईल, असा किस्सा सांगतात. बुडबुड्यांचं कारण पाणी आहे हे उमगल्यावर मग मुद्दामच पाणी घालण्यात आलं आणि त्यातून फोम निघाला. आपण ज्या गादीवर झोपतो, ती म्हणजे रसायनशास्त्राचा फुगलेला ढोकळा आहे. मला हा किस्सा फार आवडतो, पण याच अभिक्रियेचं दुसरं रूप आठवलं की हसू विरतं. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळ वायुदुर्घटनेतल्या त्या टाकीत सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट होतं, आणि त्यात पाणी शिरलं होतं.

हार्डनरमधलं आयसोसायनेट त्या जातीचं नाही. त्याचे रेणू जड, सहजी न उडणारे. पण स्प्रे गनने फवारलं की त्याचे सूक्ष्म थेंब थेट फुप्फुसात जातात, आणि त्यातून दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून फवारणारे कारागीर जागोजाग दिसतात. ‘आरशासारखी चकाकी’ मोठ्या अक्षरांत छापणाऱ्या डब्यांवर योग्य मास्कची सूचना तेवढ्याच मोठ्या अक्षरांत का नसते?

चकाकीचा तो दावाही निम्माच खरा. ब्रशचे ओरखडे बुजतात ते द्रवाच्या वजनाने, असं आपण समजतो. एवढ्या बारीक मापाला वजन नगण्य. ओरखडे सपाट करतो तो पृष्ठताण. १९६२ साली ऑर्चर्ड या संशोधकाने याचं सुरेख गणित मांडलं. ओरखड्यांमधलं अंतर दुप्पट झालं, की ते बुजायला सोळापट वेळ लागतो! म्हणून दाट, मऊ केसांचा ब्रश घ्यायचा. पण थर निम्मा केला तर वेळ आठपट होतो, आणि जाड ठेवला तर उभ्या पायांवरून ओघळ येतात. थिनर किती घालायचा, हे जुना पॉलिशवाला ब्रशवरून पडणाऱ्या धारेकडे बघून ठरवतो. ऑर्चर्डचं नाव त्याने ऐकलेलं नसतं.

राहिलेली निम्मी चकाकी पॉलिश पेपरची. दोन हातांमध्ये ३२० नंबरचा पेपर मारला की लख्ख पृष्ठभाग पांढुरका होतो आणि मालकाचा जीव खालीवर होतो. पुढचा हात पडताच ते सगळं गायब! भज्यांच्या कागदावर तेल सांडलं, की तेवढा भाग पारदर्शक होतो ना, तेच इथे घडतं. चऱ्यांमधल्या हवेची जागा पॉलिशने घेतली, की प्रकाशाला वाट बदलावी लागत नाही. शिवाय सुकून कडक झालेल्या थराला नवा थर नीट धरतो, तो या चऱ्यांमुळेच.

तेव्हा पॉलिशवाल्याशी भांडू नका. ऑक्टोबरचं ऊन दोन-तीन आठवडे खाऊन लाकूड सुकू दे, मग भोकं घासून काढायला सांगा आणि पुन्हा हात मारून घ्या. या वर्षी चौरंगावर लाल वस्त्र अंथरा. त्याखाली जाळी दिसणार नाही.