हरलेल्या सामन्याचे गोलपोस्ट

१२ मे १९७६. ग्लासगोचं हॅम्पडन पार्क, युरोपियन कपची अंतिम लढत. बायर्न म्युनिकने फ्रान्सच्या सँ-एतिएन संघाला १-० असं हरवलं. पहिल्याच हाफमध्ये सँ-एतिएनच्या बातनेचा फटका आणि सांतिनीचं हेडर, दोन्ही वरच्या बारला लागून मैदानात परतले. तिथले गोलपोस्ट आणि बार चौकोनी होते. गोलाकार असते तर चेंडू आत गेला असता, ही सँ-एतिएनकरांची आजही ठाम समजूत आहे. हरलेल्या संघाची पॅरिसमध्ये शाँझेलिझेवर मिरवणूक निघाली! आणि २०१३ मध्ये क्लबने ते पोस्ट चक्क विकत घेऊन आपल्या संग्रहालयात ठेवले.

असा हट्ट धरणारं हे गाव कोळशावर वाढलं. फ्रान्समधली पहिली रेल्वे १८२७ मध्ये इथूनच आंद्रेझ्यूपर्यंत सुरू झाली. तीही घोड्यांनी ओढलेली, कोळसा ल्वार नदीपर्यंत पोचवण्यासाठी. जोडीला रेशमी फिती, बंदुका, सायकली. 'मान्यूफ्रान्स' कंपनीच्या जाडजूड कॅटलॉगातून शिकारीची बंदूक आणि सायकल दोन्ही टपालाने घरपोच मागवता येत. शेजारचं लिऑन श्रीमंत आणि नीटनेटकं. हे मात्र काजळी माखलेलं.

कुरिओची खाण आता संग्रहालय आहे. कामगारांचे कपडे बदलण्याचा तिथला हॉल जरूर पाहावा. प्रत्येकाची एक साखळी. कपडे आकड्याला अडकवायचे, साखळी ओढून थेट छतापर्यंत चढवायचे आणि खाली कुलूप लावायचं. मान वर केली की डोक्यावर रिकाम्या सदऱ्या-विजारींची गर्दी लोंबताना दिसते. बाहेर दगडमातीचे दोन प्रचंड ढिगारे उभे आहेत.

ही खाण १९७३ मध्ये बंद झाली आणि १९७४, ७५, ७६ अशी सलग तीन वर्षं संघ फ्रान्सचा विजेता ठरला. गावाचं काम सुटत होतं तेव्हाच संघ शिखरावर होता. मला वाटतं, त्या पोस्टांवरची माया इथूनच येते. संघाचा हिरवा रंगही गावच्या दुकानदारीतून आला: ज्योफ्रुआ गिशार यांच्या 'कासिनो' किराणा साखळीचा तो रंग. १९३१ चं स्टेडियमही त्यांच्याच नावाचं. पुढे १९८२ मध्ये क्लबमधला काळ्या पैशाचा घोटाळा उघड झाला, १९८४ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला आणि १९८५ मध्ये मान्यूफ्रान्सही बुडाली.

जवळच्या फिर्मिनीत वास्तुकार ल कॉर्बूझिएने बांधलेलं सांस्कृतिक केंद्र आहे. २०१६ मध्ये चंडीगडच्या कॅपिटल संकुलासोबत एकाच नोंदीत ते जागतिक वारसा यादीत गेलं. त्याच्याच आराखड्यावरचं चर्च त्याच्या मृत्यूनंतर चार दशकांनी, २००६ मध्ये पुरं झालं.

संघाचा दहा लीग विजेतेपदांचा विक्रम २०२३ मध्ये पॅरिसने मोडला. लिऑनकडे मात्र अजून सातच आहेत, आणि सँ-एतिएनकरांना तेवढं पुरतं.