अडलेले बाळंतपण आणि तातडीचे सीझर

कळा येत आहेत, गर्भपिशवी जोर लावते आहे, पण बाळ पुढे सरकत नाही; या अवस्थेला मराठीत ‘बाई अडली’ म्हणतात. बाळ बाहेर आले की ‘सुटका झाली’, ‘मोकळी झाली’. अडणे आणि सुटणे यांमधला काळ किती असावा, याचे गणित वैद्यकाने गेल्या सत्तर वर्षांत बसवले. त्यापूर्वी ते सुईणीच्या अंदाजावर चालत असे.

अडलेल्या गर्भाला सुश्रुतसंहितेत ‘मूढगर्भ’ असे नाव आहे आणि त्यावर स्वतंत्र विवेचन आहे. गर्भवती दगावली आणि पोटात हालचाल दिसत असेल, तर तत्काळ पोट फाडून मूल काढावे, असेही तिथे सांगितले आहे. प्राचीन रोममध्येही असाच कायदा होता. दोन्हीकडे शस्त्र चाले ते मेलेल्या बाईवर. जूलिअस सीझर असा जन्मल्याची कथा टिकणारी नाही, कारण त्याची आई ऑरेलिया पुढे कित्येक वर्षे जिवंत होती. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत एम. डी. झाल्या, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे स्वतःचे मूल दहा दिवसांत गेले होते. त्यांच्या पदवीच्या चारच वर्षे आधी, १८८२ मध्ये, जर्मनीत माक्स झेंगर यांनी कापलेल्या गर्भपिशवीला टाके घालण्याची रीत नीट मांडली. तोवर पिशवी न शिवता तशीच सोडत, आणि आई बहुधा रक्तस्रावाने किंवा जंतुसंसर्गाने जाई. भूल, जंतुनाशके, रक्त चढवण्याची सोय आणि प्रतिजैविके एकामागून एक आली, तसे सीझर हे आईला वाचवण्याचे साधन झाले.

बाळंतपण अडते कसे, हे कळायला ते सरळ कसे चालते हे आधी पाहावे लागते. पिशवीचे तोंड हळूहळू उघडत १० सेंटिमीटरपर्यंत जाते. पहिले ५ सेंटिमीटर फार सावकाश होतात. कधी पूर्ण दिवस जातो, आणि त्यात काही बिघडलेले नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार ५ सेंटिमीटरनंतरचा टप्पा पहिलटकरणीत साधारण १२ तासांच्या आत संपतो आणि तोंड पूर्ण उघडल्यावर बाळ बाहेर यायला ३ तासांपर्यंत लागू शकतात. या वेळाचा आलेख कागदावर काढण्याची पद्धत १९५० च्या दशकात फ्रीडमन यांच्या कामातून निघाली आणि १९७२ मध्ये ऱ्होडेशियातल्या फिलपॉट व कॅसल यांनी तिला प्रसूतिगृहातल्या तक्त्याचे रूप दिले. दवाखान्यात परिचारिका दर थोड्या वेळाने पोटावर हात ठेवून कळा मोजते, बाळाचे ठोके ऐकते आणि एका कागदावर टिंबे मांडते, तो हाच तक्ता.

अडणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने खेड्यांतल्या ७७२ बायकांची घरची बाळंतपणे पाहिली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दहातल्या सुमारे एकीच्या कळा नको इतक्या लांबल्या होत्या आणि सुमारे १५ टक्के बायकांना तातडीच्या प्रसूतीसेवेची गरज पडू शकेल अशी स्थिती आढळली. सगळ्यांनाच सीझर लागते असे नाही. पण शंभर घरांपैकी पंधरा घरांत रात्री गाडी बोलवायची वेळ येऊ शकते, एवढे त्यातून दिसते.

कारणे अनेक. बाळाचे डोके आणि आईच्या कटीची वाट यांचा मेळ बसत नाही. किंवा बाळ डोक्याकडूनच येते, पण त्याचे तोंड आईच्या पाठीऐवजी पोटाकडे असते. या दुसऱ्या प्रकारात कळ पोटात कमी आणि कमरेत जास्त येते. बाई ‘कंबर तुटते आहे’ म्हणते, आणि ते अगदी बरोबर असते. कधी कळांनाच जोर नसतो. कधी वार वेळेआधी सुटू लागते आणि पोट दगडासारखे कडक होते. सगळ्यांत घाईचा प्रसंग म्हणजे पाण्याबरोबर नाळ खाली घसरणे. तेव्हा बाळाच्या डोक्याचा दाब नाळेवर पडू नये म्हणून परिचारिका किंवा डॉक्टर आत हात घालून डोके वर ढकलून धरतात, आणि तो हात तसाच ठेवून ट्रॉलीबरोबर शस्त्रक्रियागृहापर्यंत जातात. बाळ बाहेर येईपर्यंत तो हात काढत नाहीत.

घरच्यांना मात्र दोनच कारणे ऐकू येतात: ‘बाळाने पोटात शी केली’ आणि ‘नाळेचा वेढा होता’. दोन्ही अर्धी माहिती आहे. दिवस भरलेल्या बाळाने पोटात शी करणे बऱ्याचदा घडते आणि गळ्याभोवती नाळेचा वेढा तर असंख्य बाळांना असतो. त्यातली बहुतेक सुखरूप जन्मतात. निर्णय होतो तो ठोक्यांवर. बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असावेत. कळ ओसरल्यावरही ते खाली राहू लागले, किंवा शी घट्ट असून ठोकेही बिघडले, तर थांबण्यात अर्थ नसतो. ‘शी केली’ एवढेच सांगून डॉक्टर मोकळे झाले की पुढे वर्षानुवर्षे त्या बाईला वाटत राहते, की आपलेच काही चुकले.

निर्णय झाला तरी दवाखाना किती दूर आहे, हा प्रश्न उरतोच. उदाहरण म्हणून भुईगाव घ्या. हे गाव वसईच्या पश्चिम पट्ट्यात, समुद्राला लागून आहे. केळीच्या, पानवेलीच्या आणि फुलांच्या वाड्यांमधून जाणारे अरुंद रस्ते, त्यांवर चर्च आणि देवळे. बाळंतपणाच्या दृष्टीने ही जागा तशी नशीबवान: बंगलीचे कार्डिनल ग्रेशियस स्मृती रुग्णालय आणि वसई गावातले महापालिकेचे सर डी. एम. पेटिट रुग्णालय ही दोन्ही याच पश्चिम बाजूला आहेत. त्याच पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून अडलेल्या बाईला चादरीच्या डोलीत घालून पक्क्या रस्त्यापर्यंत खांद्यावर न्यावे लागते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात अंतराचे हे दोन हिशेब शेजारी शेजारी आहेत.

भुईगावात अडचण येते ती या दोन रुग्णालयांहून मोठ्या ठिकाणी पाठवावे लागले तर. नवजात बाळासाठी किंवा आईसाठी अतिदक्षता लागली, की वाट मुंबईची. रुग्णवाहिका वाड्यांतून निघून पूर्वेला महामार्गावर येते, वसईची खाडी ओलांडते आणि घोडबंदरच्या बाजूने शहरात शिरते. कोंडी असली की किलोमीटरला अर्थ उरत नाही. जुलै २०१८ च्या पावसात रुळांवर पाणी साचून वसई-विरार भागातली रेल्वे बंद पडली होती आणि रस्त्यांचीही तीच गत होती. म्हणून या भागात नवव्या महिन्यात ठरवायची गोष्ट एकच: रात्री दोन वाजता कुठे जायचे, आणि तिथे त्या वेळी भूलतज्ज्ञ येतो का? सर्जन असून भूलतज्ज्ञ नाही, म्हणून बाईला पुढे पाठवले, हा महाराष्ट्रातल्या तालुक्यांचा नित्याचा अनुभव आहे. १०८ क्रमांकाची सेवा राज्यात २०१४ पासून आहे. सरकारी रुग्णालयात सीझर, औषधे, रक्त आणि नेण्या-आणण्याची सोय मोफत देण्याचा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ ला सुरू झाला. सीझर झालेल्या बाईला त्यात सात दिवसांपर्यंत जेवणही मिळते.

‘सीझर करावे लागेल’ हे शब्द उच्चारल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंत अतितातडीच्या प्रसंगी ३० मिनिटांचे लक्ष्य धरतात. बाहेर बसलेल्यांना ती धांदल दिसते. आत बाईचा अनुभव उलटा असतो. बारा-चौदा तास परिचारिकेशिवाय कोणी फारसे फिरकलेले नसते, आणि एकाएकी सहा-सात जण तिच्याभोवती येतात. एक जण कागद पुढे करतो आणि कळ चालू असतानाच सही मागतो. कोणी बांगड्या उतरवते. मंगळसूत्र किंवा गळ्यातला क्रूस काढून आईच्या, नाहीतर सासूच्या ओंजळीत देतात. नखावरचा रंग पुसतात, कारण बोटाला लावायच्या चिमट्याला रक्तातला प्राणवायू नखातून मोजायचा असतो. लघवीची नळी बसते.

शस्त्रक्रियागृह थंड असते. तिला उठून बसवून पाठीची कमान करायला सांगतात. नऊ महिन्यांचे पोट आणि दर दोन मिनिटांनी कळ असताना हे सांगणे सोपे, करणे महाकठीण. पाठीच्या कण्यात बारीक सुईने भूल दिली की पाय ऊबदार होतात, मग जड, मग जणू दुसऱ्याचेच. भूलतज्ज्ञ स्पिरिटचा बोळा छातीखाली लावून विचारतो, ‘गार लागतंय का?’ गार लागेनासे झाले, म्हणजे भूल चढली. टेबल किंचित डावीकडे कलते ठेवतात, म्हणजे पिशवीच्या भाराने मोठी रक्तवाहिनी दबत नाही. छातीशी हिरवा पडदा लागतो. वेदना नसते, पण स्पर्श, ओढ आणि दाब कळतात. ‘आत कोणी भांडी घासतंय असं वाटलं’ असे बायका सांगतात, आणि ही उपमा पुस्तकातल्या वर्णनापेक्षा नेमकी आहे. वेळच नसेल किंवा रक्तस्राव असेल, तर पूर्ण भूल देतात. तेव्हा ती जागी होते ती बाळ झाल्यानंतर.

ओटीपोटाच्या रेषेत आडवा छेद, मग पिशवीच्या खालच्या पातळ भागात दुसरा. कातडीपासून बाळापर्यंत बहुधा पाच-दहा मिनिटे. शिवायला मात्र अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक वेळ लागतो, कारण थर एकेक करून मिटवायचे असतात. या वेळात पुष्कळ जणी थडथड कापतात. हा भुलीचा आणि थंडीचा परिणाम, घाबरण्याचे कारण नाही. पण आधी सांगितले नसेल तर बाईला वाटते आपले काहीतरी बिघडले. बाळ ठीक असेल तर पुसून तिच्या गालाला लावतात. हात बांधलेले किंवा नळ्यांनी अडकलेले, म्हणून धरता येत नाही. गालाने ओळखायचे.

भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २१.५ टक्के बाळंतपणे सीझरने झाली, महाराष्ट्रात २५.४ टक्के. सरकारी रुग्णालयांत देशभराचे प्रमाण १४.३ टक्के, खासगीत ४७.४. या दरीमुळे ‘डॉक्टरने पैशासाठी कापले’ हा संशय प्रत्येक घरात असतो, आणि तो निराधार नाही. मात्र अनावश्यक सीझर अनेकदा कळा सुरू होण्याआधी, तारीख ठरवून होते. ठोके ८० वर उतरलेले असताना रात्री केलेल्या सीझरला त्याच तराजूत घालणे बरोबर नाही.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी लघवीची नळी निघते आणि बाईला उठवून चालवतात, कारण पायात रक्ताच्या गाठी होऊ नयेत. पहिली पावले टाके उसवल्यासारखी वाटतात, उसवत नाहीत. गॅस सरेपर्यंत पोट फुगते, आणि एरवी ज्याचा उच्चार होत नाही तो प्रश्न राऊंडवरचे डॉक्टर सगळ्यांसमोर विचारतात. दूध पहिल्या तासातही पाजता येते. बाळाला काखेखाली धरले की टाक्यांवर भार येत नाही. अळीव आणि डिंकाचे लाडू चालतात. पोटावर शेक, कसून मालीश आणि धुरी टाके भरेपर्यंत नको. कण्यातल्या सुईने जन्मभराची पाठदुखी लागते ही समजूत अभ्यासांत टिकलेली नाही. पाठ दुखते ती बहुधा वाकून पाजण्याने आणि अपुऱ्या झोपेने. ताप, टाक्यातून पू, दुर्गंधीयुक्त स्राव, तासाला एक पॅड भिजणे, एका पोटरीला सूज, धाप लागणे किंवा न थांबणारी डोकेदुखी यांतले काही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे.

मनाचे बरे होणे टाक्यांच्या वेगाने होत नाही. कळाही सोसल्या आणि टाकेही पडले, असे दुहेरी दुखणे वाट्याला आलेल्या बाईला घरात ऐकवले जाते, ‘बाळ सुखरूप आहे ना, मग झालं.’ कोणी त्यावर ‘आजकालच्या मुलींना कळा सोसत नाहीत’ अशी पुस्तीही जोडतात. आपल्या बोलीत खालून झालेल्या बाळंतपणाला ‘नॉर्मल’ म्हणतात, त्यामुळे हिचे काय झाले ते आपोआपच ठरते. तातडीच्या सीझरनंतर काही बायकांना तो प्रसंग पुन्हा पुन्हा आठवतो, हिरवा पडदा स्वप्नात येतो, रुग्णालयाच्या रस्त्याने जाताना छाती धडधडते. काहींना बाळाबद्दल काहीच वाटत नाही आणि त्याचीच लाज वाटते. हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकले तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचे कारण आहे. बायकांच्या बोलण्यात एक गोष्ट वारंवार येते: कापल्याचे फारसे लक्षात राहत नाही, कोणी काही सांगत नव्हते ते राहते. भूलतज्ज्ञ डोक्याशी बसून ‘आता ओढ लागेल, आता बाळ येतंय’ एवढे म्हणत राहिला, तर तीच शस्त्रक्रिया वेगळी आठवते.

पुढच्या खेपेला पुन्हा सीझरच, हा नियम नाही. पिशवीवरचा छेद आडवा असेल आणि पहिले कारण पुन्हा नसेल, तर योग्य निवड केलेल्या चारपैकी सुमारे तिघी खालून बाळंत होतात. जुनी शिवण फाटण्याचा धोका सुमारे दोनशेत एक असतो. म्हणून हा प्रयत्न जिथे लगेच शस्त्रक्रिया होऊ शकेल, तिथेच करायचा. उलट प्रत्येक सीझरबरोबर पुढच्या वेळी वार जुन्या व्रणात रुतण्याची शक्यता वाढते. हा निर्णय तीन-चार वर्षांनी, कदाचित वेगळ्याच डॉक्टरकडे, एका कागदाच्या आधारे होतो. म्हणून घरी सोडताना मिळणाऱ्या कार्डावर नुसते ‘सीझर’ लिहिलेले पुरत नाही. तोंड किती सेंटिमीटर उघडले होते, डोके किती खाली आले होते, ठोके किती झाले होते, पिशवीवरचा छेद आडवा की उभा आणि तो पुढे फाटला होता का, हे त्यावर लिहून घ्यायचे, आणि ते कार्ड बाळाच्या लसीकरणाच्या पुस्तिकेबरोबर एकाच पिशवीत ठेवायचे.