विजेवरील स्वयंपाक-उपकरणे आणि घरगुती विद्युतमंडल

इंडक्शन शेगडी, विजेची किटली, ओव्हन, मायक्रोवेव्ह भट्टी इत्यादी स्वयंपाकाची उपकरणे साधारणतः १००० ते २००० वॉट शक्ती घेतात. घरातील दिवे-पंखे यांच्या तुलनेत हा भार फार मोठा असल्यामुळे तो कोणत्या विद्युतमंडलावर, म्हणजे एका संरक्षक खटक्यामागील कोणत्या वायरवर व सॉकेटवर, पडतो याला महत्त्व आहे.

भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट दाबाचा असतो. उपकरणाच्या वॉटला या दाबाने भागले असता विद्युतधारा ॲम्पियरमध्ये मिळते. २००० वॉटची शेगडी सुमारे ८.७ ॲम्पियर धारा घेते. दिव्या-पंख्यांच्या बोर्डावरील लहान सॉकेट ६ ॲम्पियरचे, म्हणजे जास्तीत जास्त १३८० वॉटचे असते. जाड पिनांचे 'पॉवर' सॉकेट १६ ॲम्पियरचे, म्हणजे ३६८० वॉटचे असते. मोठा प्लग लहान सॉकेटात बसविण्यासाठी बाजारात जोडतुकडे मिळतात. त्यांनी पिना जुळतात, वायरीची क्षमता मात्र वाढत नाही. मायक्रोवेव्हच्या बाबतीत आणखी एक गल्लत होते. तिच्यावर ठळकपणे लिहिलेले ८०० वॉट हे अन्नाला मिळणाऱ्या शक्तीचे असतात. विजेच्या मंडलावरून ती सुमारे १२०० वॉट घेते.

तापण्याची कारणे

वायरीत निर्माण होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते (जूलचा नियम). धारा दुप्पट झाली की उष्णता चौपट होते. घरगुती वायरींवरील सामान्य पीव्हीसी वेष्टन सुमारे ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या सततच्या तापमानासाठी असते. त्यापुढे ते हळूहळू कडक होऊन तडकते. ही झीज भिंतीआड होत असल्याने दिसत नाही.

वायरीइतकाच, किंबहुना अधिक, धोका सैल जोडाचा असतो. सॉकेटातील पकड ढिली होऊन तेथे केवळ अर्धा ओहम रोध उत्पन्न झाला, तरी ८.७ ॲम्पियर धारेला त्या एका बिंदूवर सुमारे ३८ वॉट उष्णता निर्माण होते. डाखकामाची विजेची कावीय एवढ्यावर चालते. दाब जेमतेम चार व्होल्टांनी घटत असल्यामुळे शेगडी नेहमीसारखीच चालते आणि खटकाही पडत नाही. प्लग गरम लागणे, सॉकेट पिवळे-काळे पडणे व जळका वास ही त्याची लक्षणे होत.

खटक्याच्या मर्यादा

एमसीबी हा खटका उपकरणाचे नव्हे, तर वायरीचे रक्षण करतो. त्याची क्रिया तत्काळ होते हा समज अपुरा आहे. नोंदलेल्या धारेच्या १.१३ पटीला तो तासभर पडू नये आणि १.४५ पटीला तासाभरात पडावा, असे प्रमाण आहे. शेगडी (२००० वॉट), किटली (१५०० वॉट) व मिक्सर (५०० वॉट) एकदम लावल्यास १७.४ ॲम्पियर होतात. १६ ॲम्पियरचा खटका तेवढ्याने पडेलच असे नाही. खटका वारंवार पडतो म्हणून त्याजागी २५ किंवा ३२ ॲम्पियरचा बसविणे हा सर्रास केला जाणारा आणि सर्वांत घातक उपाय आहे, कारण मग खटक्याआधी वायर जळते. ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी माणसाला बसणाऱ्या धक्क्यापासून वाचवितो. अतिभार त्याला कळत नाही.

माहुल

चेंबूरलगतच्या माहुल परिसरात दोन तेलशुद्धीकरण कारखाने असून जवळच टाटा पॉवरचे तुर्भे औष्णिक केंद्र आहे. तेथील प्रकल्पग्रस्तांच्या सात मजली इमारतींत २२५ चौरस फुटांची घरे आहेत. एवढ्या घरात ओटा, फ्रिज आणि झोपण्याची जागा हातभर अंतरावर येतात. त्यामुळे एकाच सॉकेटावर एक्स्टेंशन बोर्ड लावून सारे चालविण्याचा मोह स्वाभाविक आहे. बोर्डाची वायर बहुधा भिंतीतील वायरीहून बारीक असते आणि गुंडाळून ठेवल्यास तिची उष्णता बाहेर पडत नाही. फेब्रुवारी २०२१मध्ये केंद्र शासनाने 'गो इलेक्ट्रिक' मोहिमेत विद्युत वाहनांबरोबर विजेवरील स्वयंपाकाचाही पुरस्कार केला. लहान घरांतील वायरिंगचा प्रश्न त्यामुळे अधिकच निकडीचा होतो.

सुरक्षित जोडणी

शेगडीसाठी वितरणपेटीपासून २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र वायर, १६ ॲम्पियरचा खटका व भूयोजन असलेले सॉकेट घेणे इष्ट ठरते. दोन चुलींच्या मोठ्या शेगडीस ४ चौरस मिलिमीटर वायर लागू शकते. तिसरी पिन कापून प्लग बसविल्यास भूयोजन तुटते. जेथे नवी वायर टाकणे शक्य नाही, तेथे मोठी उपकरणे आळीपाळीने चालवावी लागतात. वीज कंपनीकडे अर्ज करून मंजूर भार वाढविता येतो. परंतु त्याने मीटरपर्यंतची व्यवस्था बदलते, घरातील वायर जुनीच राहते.