वजन मोजा, लग्नाचे नंतर पाहू

वाशिम, रिसोड, मंगरूळपीरकडे मुलीच्या वजनाची चर्चा सहसा स्थळ यायच्या वेळीच होते. जाड असली तर "भाकर कमी कर", बारीक असली तर "अंग भर". जिचे मन बाईवर आहे, किंवा बाई-पुरुष दोघांकडेही ओढा आहे, तिला हे बोलणे दुप्पट लागते. समलिंगी व उभयलिंगी स्त्रियांमध्ये जास्त वजनाचे प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा अधिक असल्याचे अमेरिका-इंग्लंडमधील पाहण्यांत दिसले आहे. प्रेमाने वजन वाढत नाही. लपवालपवी, अर्धी झोप, रात्री एकटीने खाणे आणि दवाखाना टाळणे, हे सगळे शेवटी अंगावर येते.

दवाखाना का टाळला जातो, हे आम्ही नर्सबायांनी जवळून पाहिले आहे. केसपेपर काढतानाच "लग्न झाले का?" पाळी चुकते, वजन वाढते, तर "लग्न करा, सगळे ठीक होईल." हे वैद्यकशास्त्र नव्हे. पीसीओएस आणि थायरॉइड लग्नाने जात नाहीत, ते तपासून औषध घ्यावे लागते. तिशीनंतर आयुष्मान आरोग्य मंदिरात रक्तदाब व साखर मोफत तपासतात. बहिणींनो, लग्नाच्या प्रश्नाला कंटाळून ही तपासणी सोडू नका.

पाच फूट उंचीच्या बाईचे वजन 53 किलोंपुढे गेले, किंवा कंबर 80 सेंटीमीटरपेक्षा जास्त भरली, की सावध व्हावे. उपाशी राहू नये. 70 किलोंचे 66 झाले तरी मधुमेहाचा धोका कमी होतो. चहात दोन चमचे साखर आणि दिवसाला पाच चहा म्हणजे सुमारे 50 ग्रॅम साखर; सुरुवात तिथूनच करा. ज्वारीची भाकर, घट्ट वरण, अंडे, फुटाणे, पावसाळ्यात तरोटा, उन्हाळ्यात चिवळ. डबाबंद पावडरींवर पैसे घालवू नका.

मजुरीला व्यायाम म्हणणे आम्हाला पटत नाही, पण निंदण-सोंगणीत अंग हलते हे खरे. शेतातले काम ओसरले की हालचाल थांबते, ताट मात्र तेवढेच राहते. तेव्हा आठवड्यात पाच दिवस अर्धा तास भरभर चाला. दोघी मिळून चाला. दोन मैत्रिणी पहाटे फिरल्या तर आपल्याकडे कोणी भुवई उंचावत नाही!

6 सप्टेंबर 2018 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर असे नाते गुन्हा नाही, आणि तो आजारही नाही. "बरे करून देतो" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. मन फार जड झाले, खाणे हाताबाहेर गेले, तर टेलिमानसच्या 14416 वर मोफत बोलता येते, मराठीतही.